दुधाच्या आधी

जुनी मोटरसायकल विकायला काढलेल्या घरात दूध नेहमी नुकतंच आणलेलं असतं.

हे वाक्य लिहिण्याचा अधिकार मला फुकट मिळालेला नाही. त्यासाठी मी एक अख्खा हिवाळा, ३,१४० रुपये आणि सोसायटीतली बरीचशी अब्रू घालवली आहे.

गाडी बघायला गेलो तो रविवार होता. सकाळचे दहा वाजले होते. २०१४ सालची, दीडशे सीसीची काळी गाडी. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही हात नव्हता.) मालकांनी बटण दाबलं आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. घड्याळासारखी टकटक चालत राहिली. आपण जाणकार दिसावं म्हणून मी खाली वाकून चेन बघितली. चेनमध्ये नेमकं काय बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण वाकून झाल्यावर उठताना "हं" म्हणायचं असतं, एवढं ठाऊक होतं. वाकताना हात इंजिनला लागला आणि चटका बसला.

"जपून हां, गरम आहे," मालक म्हणाले. "आत्ताच मुलगा दूध आणायला घेऊन गेला होता."

किती वळणाचं घर, असं मला वाटलं. मुलगा सांगितल्याबरोबर दूध आणतो!

"आणि पहिले मालक डॉक्टर होते बरं का. डॉक्टर हँडेड गाडी आहे."

आपल्याकडे मेडिकलच्या जागा कमी, म्हणून पोरं जिवाचं रान करतात. तरी जुन्या बाजारातल्या दर दुसऱ्या गाडीला एक डॉक्टर मिळतोच. हे सगळे डॉक्टर गाडी फक्त दवाखाना ते घर चालवतात, कधी चाळीसच्या वर जात नाहीत आणि तीन वर्षांत कंटाळून विकून टाकतात. हे त्या वेळी सुचलं असतं तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. मी पैसे मोजले आणि गाडी घेऊन आलो. वाटेत ती इतकी गोड चालली, की घरी पोचल्यावर मी उगाच कॉलनीला आणखी एक चक्कर मारली.

नाशिककरांना थंडी अंगाला लागण्याआधी पेपरात लागते. डिसेंबर उजाडला की निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातमीत येतो. तो फार घसरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. माझी बाग नाही. त्यामुळे 'कुंदेवाडीत पारा घसरला' हे मी आजवर चहाबरोबर, चवीने वाचत आलो होतो. त्या सोमवारपासून मी ते शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचू लागलो.

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. पहिला तास सात दहाला. सहा पस्तीसला खाली उतरलो, बटण दाबलं. गाडीने खर्र्र केलं आणि गप्प बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा खर्र्र. मग चोक आठवला. चोक ओढला, तशी ती सुरू झाली. चोक सोडला, बंद पडली. ओढला, सुरू. सोडला, बंद.

आता, चोक या शब्दाचा अर्थ गळा आवळणे. जुन्या रचनेत तो खरोखरच कार्ब्युरेटरच्या तोंडावर झाकण ओढून हवेची वाट अडवतो. म्हणजे माझ्या गाडीचा गळा आवळला की ती जगायची आणि मोकळा श्वास घेऊ दिला की मरायची. पंचवीस वर्षं मराठी साहित्यातला विरोधाभास अलंकार शिकवतोय, पण इतकं ठसठशीत उदाहरण हाती लागलं नव्हतं.

चोकवर फार वेळ ठेवली तर सायलेन्सरमधून काळा धूर यायचा आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी जोरात मिटायची. त्यावर एकच उपाय होता: चोक सोडायचा आणि उजव्या हाताने रेस धरून ठेवायची. पाच मिनिटं. एक हात रेसवर गुंतला की उरलेल्या एका हाताने हेल्मेटचा पट्टा लावता येत नाही, हातमोजा चढवता येत नाही, फाटकही उघडता येत नाही. तेव्हा चौथ्या दिवसापासून बायको खाली यायला लागली. गाऊनवर शाल, डोक्याला स्कार्फ, एका हातात माझ्या गाडीची मूठ.

"अहो, सोडू का आता?"

"थांब, थांब, आत्ता नको!"

"अहो, पोळीचा तवा ठेवलाय वर."

हा संवाद सोसायटीने पूर्ण हिवाळा ऐकला. फक्त ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी करत नाही.

बरं, आजार एवढाच असता तर सोसलं असतं. पण दहा मिनिटांत, त्र्यंबक नाक्यापर्यंत पोचेतो, हीच मरगळलेली गाडी उधळायची. सिग्नलला मी मूठ पूर्ण सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून सज्जनासारखा बसलेला, आणि खाली इंजिन किंचाळतंय. अशा गाडीने स्लोला मिनिटाला साधारण १४०० फेरे घ्यावेत. माझी अडीच हजारांवर लटकून बसायची आणि मग रुसलेल्या जावयासारखी हळूहळू खाली यायची. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटायचं, पन्नाशीतल्या या गृहस्थाला शर्यत लावायची आहे. त्यात भर म्हणजे डावीकडे हँडल वळवलं की रेस आपोआप वाढायची. उजवीकडे वळताना शांत, डावीकडे झुकली की आवाज चढलाच. कॉलेजच्या फाटकातून आत जायला डावीकडेच वळावं लागतं. विद्यार्थ्यांनी मला एक नाव ठेवलं. ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण ठेवलंय हे नक्की.

गाडीला बाजूला एक स्क्रू असतो, तो पिळला की स्लो कमी-जास्त होतं. सकाळच्या हिशेबाने तो चढवला तर दुपारी गाडी उधळते. दुपारच्या हिशेबाने उतरवला तर सकाळी उठत नाही. मी गाडी एकच विकत घेतली होती, पण तिच्यात दोन गाड्या राहत होत्या आणि दोघींत मिळून स्क्रू एकच होता.

एखादी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज पाच मिनिटं विव्हळू लागली की ती खासगी राहत नाही. सर्वांत आधी वॉचमन आला. "सर, पेट्रोलमध्ये पाणी आहे." कशावरून? "गावाकडे आमच्या मोटरीत यायचं." पाण्याच्या मोटरीत पाणी येणारच, हे मी त्याला सांगितलं नाही.

तळमजल्यावरचे काका ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते थंडीतही हाफ पॅन्टमध्ये असतात. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आयसिंग."

"म्हणजे?"

"अरे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. हवा दमट असली तर त्या नळीत बर्फ. बाहेर दहा-पंधरा डिग्री असलं तरी! विमानं पडतात यानं, विमानं!"

हे शास्त्र शंभर टक्के खरं आहे. छोट्या, पंख्याच्या विमानांच्या पायलटांना ते आधी शिकवतात. फक्त मिगला कार्ब्युरेटर नसतो, हे मला नंतर कळलं. आणि गाडी तर बर्फ धरायलाही सुरू व्हावी लागते, हे काकांना मी सांगू शकलो नाही, कारण तोवर ते रशियन इंजिनिअर कसे चहा प्यायचे यावर गेले होते.

दुसऱ्या मजल्यावरून इथेनॉलचा पक्ष आला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं, जुन्या रबराला मानवत नाही, आणि त्याच्या पोटात स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी पातळ पडतं. यातलं काही खोटं नाही. आमच्या जिल्ह्यात द्राक्षाची वाइन माणसं घेतात आणि उसाचं अल्कोहोल गाड्या. सकाळी दोघांनाही उठताना त्रास होणार, असा एकूण सूर होता. पण तेच पेट्रोल बाजूच्या गाडीतही होतं आणि ती पहिल्या किकला सुरू होत होती. हे कुणी बोललं नाही, मीही नाही. सरकारला दोष देता येत असताना गाडीला देणं बरं दिसत नाही.

मेव्हण्याने एका वाक्यात निकाल लावला: "दाजी, विकून टाका, इलेक्ट्रिक घ्या." मेव्हणे सगळ्याच प्रश्नांवर हे वाक्य काढतात. फक्त शेवटचा शब्द बदलतो.

खरं काय ते स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांनी समजावलं. पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. साधारण १४.७ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल, हे जेवण इंजिनला पचतं. पण थंड इंजिनात वाफ नीट होत नाही. बरंचसं पेट्रोल आतल्या भिंतींना थेंब होऊन चिकटतं आणि पोचायचं तिथे पोचत नाही. "सर, तुमच्या सात दहाच्या तासासारखं," ते म्हणाले. "पटावर ऐंशी असतात तेव्हा वर्गात तीस पोचतात. म्हणून सकाळी पट वाढवायचा. चोक म्हणजे पट वाढवणं."

इतकं लख्ख मला कुणी कधी समजावलं नव्हतं. "मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"ते मेकॅनिकला विचारा," सर म्हणाले. "माझी स्कूटर मी उतारावर लावतो."

आता मेकॅनिक. इथे या आजाराची खरी गंमत सुरू होते. माझी गाडी सकाळी सहा पस्तीस ते सहा चाळीस या पाच मिनिटांत आजारी असते. गॅरेज साडेदहाला उघडतं. माझं कॉलेज साडेबाराला सुटतं. म्हणजे गॅरेजसमोर मी जेव्हा जेव्हा उभा राहिलो तेव्हा गाडी चालून, तापून, तरतरीत होऊन आलेली. पोराला रात्रभर ताप म्हणून दवाखान्यात न्यावं आणि डॉक्टरांच्या टेबलावर चढून त्याने उड्या माराव्यात, अशी माझी अवस्था. मेकॅनिक बटण दाबायचा. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! तो माझ्याकडे बघायचा. मी सांगायचो, "नाही हो, सकाळी..." आणि माझ्याच तोंडून त्या जुन्या मालकाचा सूर निघायचा.

पहिल्याने प्लग काढला. प्लगचं टोक फिकट, पांढुरकं होतं. विटकरी-तपकिरी असलं तर जेवण पचतंय, काळं काजळलेलं असलं तर पेट्रोल जास्त, आणि पांढरं असलं तर पेट्रोल कमी, हवा जास्त. हवा जास्त! उत्तर त्या दिवशी त्याच्या तळहातावर होतं. त्याने ते फडक्याने पुसलं, नवा प्लग लावला, एअर फिल्टर बदलला आणि स्लोचा स्क्रू थोडा चढवला.

दुसऱ्याने कार्बेटर खोलला. कार्ब्युरेटरमध्ये स्लोसाठी वेगळं, एवढंसं जेट असतं. त्याच्या भोकातून शिवणकामाची सुईही जाणार नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल आत सुकून त्याचा चिकट थर तिथे बसतो आणि गाडी पळायला बरी, पण थांबली की बंद, असं होतं. त्याने कॉम्प्रेसरची हवा मारली, जेट आकाशाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं आणि मलाही बघायला दिलं. भोकातून स्वच्छ नाशिक दिसत होतं. मग बॅटरी बदलली, कारण ती समोर होती. जाता जाता स्लोचा स्क्रू थोडा चढवला.

तिसऱ्याने कार्बेटर पुन्हा खोलला, आतला रबरी पडदा उन्हात धरला. त्याला टाचणीएवढं भोक असलं तरी मूठ पिळल्यावर गाडी अडखळते. भोक नव्हतं. तरी कार्बेटरचं नवं किट टाकलं, टॅपेट केले. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, किंवा त्याहून कमी. ती इंजिन थंड असताना मोजायची असते, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलंय. त्याने भर दुपारी, तापल्या इंजिनावर, गाणं म्हणत मोजली. चार दिवसांनी मी परत गेलो तेव्हा त्याने तिसऱ्यांदा कार्बेटर साफ केला. आणि स्क्रू? थोडा चढवला.

तिघांनीही काम सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारला: "याला आधी कुणी हात लावला होता?" हा प्रश्न प्लंबरही विचारतो, दाताचा डॉक्टरही विचारतो. उत्तराची कुणालाच अपेक्षा नसते. फक्त मान हलवायला निमित्त हवं असतं.

शेवटी कॉलेजच्या शिपायाने पंचवटीतला एक पत्ता दिला. गल्लीच्या तोंडाशी, पाटी नसलेलं दुकान. बाहेर दोन उघड्या मोटरसायकली आणि त्यांच्यामध्ये पाटावर बसलेले सत्तरीचे नाना. मी तीन महिन्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. कुणी हात लावला होता हे विचारलं नाही. बटणही दाबलं नाही.

"ठेवून जा," म्हणाले. "उद्या सकाळी साडेसहाला या."

"पण नाना, आत्ता बघितलीत तर..."

"आत्ता काय बघू, मास्तर? आत्ता ती बरी आहे."

इतकं साधं. तीन महिन्यांत, चार मजल्यांत आणि तीन गॅरेजात हे कुणालाही सुचलं नव्हतं, मला धरून.

दुसऱ्या दिवशी तास बदलून घेतला आणि रिक्षाने गेलो. गोदावरीवर धुकं होतं. गाडी नानांनी रात्रभर मुद्दाम उघड्यावर ठेवली होती. सीटवर दव साचलं होतं. नाना कानटोपी आणि मफलरमध्ये, हातात चहाचा ग्लास. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि उजवा तळवा इंजिनवर टेकवला. आजी नातवाच्या कपाळावर ठेवते तसा, थोडा वेळ.

"गार आहे," ते म्हणाले. "आता हिला खोटं बोलता येणार नाही."

चोक ओढला, किक मारली. सुरू झाली. चोक सोडला. गाडी खोकली, धापा टाकू लागली, बुडायला लागली. नानांनी रेस धरायला मला सांगितलं नाही. अंगठ्याने मूठ किंचित रेटून ती जेमतेम जिवंत ठेवली आणि दुसऱ्या हाताने खिशातून एक इंजेक्शनची सिरिंज काढली. सुई नसलेली. आत साबणाचं पाणी.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड, काळं, आखूड रबर असतं. मिश्रण त्यातूनच आत जातं. नानांनी त्या रबराच्या कडेने थेंब थेंब पाणी सोडायला सुरुवात केली. वरून काही नाही. डावीकडून काही नाही. मग सिरिंज खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, नेली आणि एक थेंब सोडला.

गाडी सावरली.

दोन सेकंद, फक्त दोन सेकंद, ती त्या रविवारसारखी टकटक चालली. मग थेंब आत ओढला गेला, तशी पुन्हा खोकायला लागली. नानांनी दुसरा थेंब सोडला. पुन्हा सावरली. मग सिरिंज माझ्या हातात दिली. "टाका."

मी टाकला. तीन महिने जिच्यापुढे मी आणि माझी बायको आळीपाळीने उभे राहिलो होतो, ती गाडी पाण्याच्या एका थेंबावर माझ्या हाताखाली शांत झाली. मला जरा गलबलून आलं. नाना चहा पीत होते.

रबर काढलं. दिसायला धड होतं. नानांनी ते कान पिळावा तसं वाकवलं, तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. सोडलं तर मिटली. "बारा वर्षं झाली त्याला. वाळलं." गारठ्यात रबर आखडतं, चीर तोंड उघडते, तिथून फुकटची हवा आत शिरते. आधीच थंडीत पेट्रोल कमी पोचतंय, त्यात ही हवा. चोक ओढला की पेट्रोल वाढतं, म्हणून तेवढ्यापुरती जगते. इंजिन तापलं की रबर मऊ पडतं, चीर बरीचशी मिटते.

"मग दुपारी रेस का राहते?"

"सकाळचं भागावं म्हणून प्रत्येकाने स्क्रू चढवला ना. दुपारी चीर मिटली, पण स्क्रू तिथेच. आजार एक, दुसरं औषधाचं."

मी आणखी विचारलं, मग पळताना कशी छान पळते? नानांनी गल्लीतल्या मंगल कार्यालयाकडे बोट केलं. "तिथे पाचशे पानं उठतात. दोन माणसं बिनबोलावता जेवून गेली तर कळतं का कुणाला? तीच दोघं तुमच्या घरी चौघांच्या जेवणाला आली तर?" वेगात इंजिन पाचशे पानांची हवा ओढतं. स्लोला घर चौघांचं असतं.

डावीकडचं प्रकरण तर याहून सोपं निघालं. नानांनी चालू गाडीचं हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं. मग टाकीखाली बोट घालून एक्सलेटरची केबल बाहेर ओढली. मागे कधीतरी कुणी हँडल बदललं होतं आणि केबल चुकीच्या बाजूने घातली होती. डावीकडे वळलं की ती ताणायची आणि स्वतःच रेस द्यायची. त्यांनी ती नीट वळवून घातली, मुठीला दोन-तीन मिलिमीटरची ढील ठेवली. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद करून मोजून अडीच फेरे उघडला. टॅपेट थंड इंजिनावर पुन्हा केले. सर्वांत शेवटी स्लोचा तो स्क्रू हातात घेतला आणि उतरवत नेला. उतरवत नेला, उतरवत नेला. त्यावर तीन गॅरेजांचा पीळ होता.

रबर १९० रुपये. मजुरी २००.

"नाना, मग इतकी माणसं स्क्रूच का पिळत बसली?"

"कारण त्याला खाच आहे, मास्तर. पेचकस बसतो. रबराला काय पिळणार?"

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिलो. दर वर्षी बारावीचा निकाल घसरला की आमच्याकडे वेळापत्रक बदलतात. वेळापत्रकालाही खाच असते.

निघताना मी विचारलं, नवी गाडी घ्यायला हवी होती का? एक एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिन किती गार आहे ते सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. चोक नाही, शाल नाही, बायको नाही. बिघडली तर मीटरवर पिवळा दिवा लागतो.

"चांगल्या आहेत त्या," नाना म्हणाले. "त्या स्वतः सांगतात. हिला विचारावं लागतं." आणि कानटोपी सारखी करून त्यांनी पुढची मोटरसायकल ओढली.

आता माझी गाडी सकाळी चोक घेते, मिनिटभराने सोडते आणि टकटक चालते. बायकोचा तवा वेळेवर तापतो. काका अजून आयसिंगवर ठाम आहेत. त्यांच्या मते फेब्रुवारी लागल्यामुळे बर्फ वितळला. वॉचमनच्या मते पाणी उडून गेलं. दुसरा मजला अजून सरकारची वाट बघतोय.

मागच्या रविवारी फिजिक्सच्या सरांनी बोलावलं. मुलीसाठी जुनी स्कूटर बघायची होती, "चला, तुम्हाला आता कळतं." इंदिरानगरमधलं घर. सकाळचे साडेनऊ. पार्किंगमध्ये पुसूनपासून ठेवलेली पांढरी स्कूटर. मालक बटणाकडे हात नेणार एवढ्यात मी म्हणालो, "एक मिनिट." खाली वाकलो. इंजिनावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. बाजूच्या फटीतून हात आत घातला, तळवा लोखंडाजवळ नेला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"आत्ताच मुलगी दूध आणायला..." मालकांनी सुरुवात केली.

"हो, हो," मी उठत म्हणालो. "आज असू दे. आम्ही उद्या पहाटे सहाला येतो. दुधाच्या आधी."

मालक क्षणभर काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या तळव्याकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे.

"तुम्ही डॉक्टर आहात का हो?" त्यांनी विचारलं.